डोंगरकड्याच्या आत्याबाईंची मोजणी

निजामाच्या मुलखात शाळा नेमकी कधी उघडणार हे खात्रीनं सांगू शकणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि त्या माणसाला अक्षर वाचता येत नव्हतं. हैदराबादेत बसलेल्या तालीम, म्हणजे शिक्षण खात्याच्या बड्या साहेबांना ते ठाऊक असे की नाही, मला शंका आहे. आमच्या हेडमास्तरांना नसे. आणि मला, म्हणजे ज्याच्याकडे ते सगळ्या गावांना कळवण्याचं काम होतं त्याला, ते बहुधा सर्वांत शेवटी कळे. पण डोंगरकड्याच्या आत्याबाईंना ठाऊक असे. या माझ्या एका वर्गबंधूच्या आई. साऱ्या गावाच्या आत्याबाई होत्या, म्हणून माझ्याही झाल्या. उंच, सडसडीत, उन्हानं रापलेल्या, आणि चालण्यात असा काही ठामपणा की समोरून येणारी बैलगाडी आपणहून कडेला होई. गाडीवानाला विचारलं तर तो म्हणे, मी काही कासरा ओढला नव्हता, बैलांनाच तसं वाटलं.

मी तालुक्याच्या शाळेत मास्तर होतो. डोंगरकड्याची शाळा चौथीपर्यंत, पुढं शिकायचं तर आमच्याकडे यावं लागे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा कधी सुरू होणार याचा सरकारी कागद उर्दूत येई आणि त्यात तारीख निजामाच्या फसली सालाची असे, अमरदाद महिन्याची अमुक. आता खेड्यात अमरदाद म्हणजे कोण, कुठला, कुणाचा, हे कुणाला ठाऊक? तेव्हा ती तारीख पंचांगातल्या तिथीत बसवायची, मराठीत कागद लिहायचे आणि गावोगावच्या पाटलांकडे धाडायचे, हे काम माझ्याकडे होतं. मुळात सरकारी कागदच उशिरा निघे, वाटेत तो आणखी मुरे आणि उरलेली कसर मी भरून काढी. एका वर्षी सगळे कागद लिहून मी कोटाच्या खिशात ठेवले आणि कोट धुवायला टाकला. शाळा उघडून पंधरा दिवस झाल्यावर परटानं ते घड्या घालून, वर इस्त्री फिरवून परत आणून दिले. दुसऱ्या वर्षी डोंगरकड्याकडचे कागद पार दुसऱ्या टोकाला, कनेरगाव नाक्याला गेले. तिथून फार अदबीचं उत्तर आलं की, आमचं एकही लेकरू आपल्या शाळेत नाही, तरी आपण आठवण ठेवलीत याबद्दल आभारी आहोत, आता आम्ही नेमकं काय करावं? या सगळ्याचा परिणाम एवढाच होई की खेड्यापाड्यांतली माणसं ऐन पेरणीत, तिफण बांधावर टाकून, पोरांचा हात धरून धापा टाकत येत आणि शाळा सुरू होऊन आठवडा झाला हे ऐकून माझ्याकडे ज्या नजरेनं बघत ती नजर मला अजून आठवते.

डोंगरकड्याची पोरं मात्र पहिल्या दिवशी, पहिल्या घंटेला, तेल लावून भांग पाडून ओळीनं उभी असत. आत्याबाई त्यांना गाडीत घालून आणत. आपलं पोर आणि दुसऱ्याचं असा भेद त्यांच्याकडे नव्हता. गावातलं ज्या ज्या घरचं पोरगं चौथी पास झालं ते त्यांच्या गाडीत बसलंच पाहिजे, मग त्याचा बाप काहीही म्हणो. मी एकदा भीत भीत विचारलं की, माझा कागद तर अजून निघालाच नाही, तुम्हाला कळतं कसं? त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचा कागद येतो तवा आमची लेकरं निम्मं पुस्तक वाचून बसलेली असतात. कागदाची वाट पाहून कुणाचं शिक्षण झालंय का?"

पुढं ओळख वाढल्यावर त्यांनी आपली विद्या मला थोडीथोडी सांगितली, आणि मी अक्षरशः तोंडात बोट घालून ऐकत राहिलो. शाळेचे पाण्याचे रांजण दर उन्हाळ्यात रिकामे राहून तडकत, आणि नवे डोंगरकड्याच्या कुंभाराकडून जात. शाळेचे रांजण भट्टीत चढले की आत्याबाई बोटं मोजायला लागत. मग सुट्टीत शाळेच्या ओसरीवर लोक आपल्या शेळ्या बांधत. तालुक्याच्या आठवडी बाजाराहून जो कुणी गावात परत येई त्याला आत्याबाई भाजीचा भाव विचारायच्या आधी विचारत, शेळ्या कुठं बांधल्यात? शेळ्या लिंबाखाली गेल्या असतील तर ओसरी झाडली गेली, हे ठरलेलं. आणि शेवटचा पुरावा म्हणजे आमचे उर्दूचे मौलवीसाहेब. ते सुट्टीत नांदेडकडे सासुरवाडीला जात आणि त्यांची दमणी परतताना डोंगरकड्यावरूनच येई. आत्याबाई ती थांबवत, कैरीचं पन्हं देत, घरच्यांची खुशाली विचारत आणि शाळेबद्दल चकार शब्द काढत नसत. त्या फक्त गाडीत बघत. मौलवीसाहेब एकटे असले तर नुसतेच घर बघायला निघालेत. बायको-मुलं बरोबर असली तर आठ दिवस. आणि कोंबड्यांची पाटी बरोबर असली तर तिसऱ्या दिवशी शाळा, कारण बीबीसाहेबा कोंबड्या शेवटच्या क्षणापर्यंत माहेरच्या दाण्यावर ठेवत. मौलवीसाहेबांना हे कधीच उमगलं नाही. या माईला खात्याच्याही आधी कळतं, याचं त्यांना नवल वाटे. ते मला दरवर्षी सांगत, "ये माई तो महकमे से पैले जान लेती."

अशी ही बाई वर्षानुवर्षं एका दिवसानंही चुकली नव्हती. आसपासच्या गावांतली माणसं पाटलाकडे न जाता आत्याबाईंच्या ओट्यावर येत, शाळेचा दिवस विचारत आणि निर्धास्त घरी जात. त्यांचा तो मान होता, आणि त्यांनाही तो मनातून फार आवडे.

मग एका वर्षी हेडमास्तरांनी माझ्याकडून कागद लिहायचं काम काढून घेतलं. माझ्या हाती त्यांनी एकच गाव ठेवलं, डोंगरकडा, कारण तिथं कळवलं काय आणि न कळवलं काय, सारखंच. वर बजावलं की, हेही चुकलं तर वरंगलकडे बदलीची शिफारस करीन. मला तेलुगू येत नव्हतं, आणि बायकोनं तर तिकडचं तिखट ऐकूनच डोळे पुसले होते. मी मनाशी ठरवलं की या खेपेला कागद नाहीच, स्वतः जायचं, आणि आत्याबाईंच्या आधी जायचं. निदान एकदा तरी त्या बाईला आपण काहीतरी नवीन सांगायचं.

तो धोंड्याचा महिना होता. त्या वर्षी ज्येष्ठच अधिक आला होता, म्हणजे आधी धोंड्याचा ज्येष्ठ आणि मग खरा. मी जावई म्हणून सासुरवाडीला गेलो, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून इतके खाल्ले की शेवटच्या पंगतीला मेहुण्यानं हात धरून उठवलं. परतताना सर्विस मोटार वाटेतच बंद पडली, म्हणून डोंगरकड्यापर्यंतचे तीन कोस भर उन्हात पायी तुडवले. सासऱ्यांच्या घरी फसली तारीख मी पंचांगात बघून ठेवली होती. ते पंचांग गेल्या वर्षीचं होतं, त्यात ज्येष्ठ एकच होता, हे मला त्या तुपाच्या भरात दिसलं नाही.

आत्याबाईंच्या ओट्यावर दहापाच माणसं बसली होती. मी घाम पुसत, घसा खाकरत सांगितलं, शाळा ज्येष्ठ वद्य प्रतिपदेला. आत्याबाई बोटं मोजत म्हणाल्या, "कोण्या ज्येष्ठाची, मास्तर? धोंड्याच्या का खऱ्या?"

या प्रश्नावर मी थांबलो असतो, पुन्हा मोजलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं. पण चारचौघांत अडखळायचं नाही असं मी ठरवूनच आलो होतो. मी म्हणालो, धोंड्याच्या महिन्यात कुणी मंगलकार्य करतं का? शाळा खऱ्या ज्येष्ठातच उघडणार. निजाम सरकार धोंड्याचा महिना पाळतं की नाही, हा विचार माझ्या डोक्यात शिरलाच नाही. आत्याबाईंनी मान हलवली, मला गूळ-पाणी दिलं आणि मी छाती काढून निघालो.

शाळा उघडली त्याच धोंड्याच्या महिन्यात. पहिल्या दिवशी डोंगरकड्याचं एकही पोर नव्हतं. हेडमास्तरांनी सुद्धा दोनदा दाराबाहेर बघितलं. पाचवीचा एकच वर्ग, एकच खोली. हजेरीला जे उभे राहतील त्यांचीच नावं घ्यायची आणि खोली भरली की दार लावायचं असा नियम होता. दुपारी दार लागलं. आत्याबाईंचा धाकटा नातू त्याच वर्षी चौथी पास झाला होता, हुशार, मान खाली घालून झरझर लिहिणारा. संध्याकाळी घरी बायकोला म्हणालो, आत्याबाई चुकल्या की गं या वर्षी. ती म्हणाली, "धोंडे खाऊन आलात ना आत्ता? मग धोंड्याचा महिना सरला कधी?" मी पाटावरूनच घरचं पंचांग ओढून बघितलं, खरा ज्येष्ठ अजून लागायचाच होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं डोंगरकड्याला गेलो. तिथं नंतर जे कळलं ते असं. रांजण जाऊन चार दिवस झाले होते. शेळ्या लिंबाखाली गेल्या होत्या. मौलवीसाहेबांची दमणी कोंबड्यांसकट गेली होती. घरचे, शेजारचे सगळे आत्याबाईंच्या मागं लागले होते की, गाडी जुंपा, काहून बसून राहिलात? मुलानं तर रागानं जेवण सोडलं होतं. आणि आत्याबाई एकच सांगत होत्या, मास्तर सोता येऊन सांगून गेलेत, अजून दिवस हायेत. मी दारात उभा राहिलो तेव्हा त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, सूप खाली ठेवलं आणि मुलाला म्हणाल्या, गाडी जुंप. 

हेडमास्तरांच्या टेबलासमोर आम्ही सगळे उभे राहिलो. वरच्या वर्गातल्या पोरांचं काही अडलं नाही. पाचवीची खोली मात्र भरली होती. हेडमास्तरांनी टोपी काढून ठेवली, आत्याबाईंना बसायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून सावकाश विचारलं की, यांना दिवस कोणी कोणता सांगितला होता?  वरंगलचं तिखट डोळ्यांत उतरलं.

"मास्तरांनी बराबर सांगितलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "मीच धोंड्याचा महिना मोजायची विसरले. म्हातारीची मोजणी चुकली, साहेब."

हेडमास्तरांचा विश्वास बसेना. बसणारच कसा? पण त्या बाईचं बोलणं खोटं धरायची कुणाची छाती नव्हती, त्यांचीही नाही. ते हळहळले आणि पुढच्या वर्षी मुलाला सर्वांआधी घेईन म्हणाले.  माझ्या एका शब्दाची गरज होती आणि तो मला काढता आला नाही, हे इथं लिहून ठेवतो.

ते वर्षभर दर शुक्रवारी, शाळेला सुट्टी असे म्हणून, मी मोटारीनं डोंगरकड्याला जाऊन त्या पोराला शिकवून येई. मोटार नसली की पायी, एकदा तर हळदीच्या गाडीत बसून असा पिवळा होऊन पोचलो की पोरगं मला ओळखेना. पुढच्या वर्षी तो पाचवीत बसला आणि पहिला आला. पण गेलेलं वर्ष गेलंच होतं. प्रार्थनेच्या ओळीत तो आपल्या वर्गापेक्षा वीतभर उंच दिसे, आणि माझी नजर दररोज तिथंच जाऊन अडके. आणि ओट्यावरची माणसं कमी झाली. आत्याबाई दिवस सांगत, पण लोक म्हणत, कागद येऊ द्या, म्हातारीला आता आठवत न्हाई.

निजाम गेला, फसली साल गेलं, त्या धामधुमीत बंद पडलेली आमची शाळा पुन्हा उघडायची ठरली. तो कागद घेऊन मी डोंगरकड्याला गेलो, आयुष्यात प्रथमच वेळेवर आणि बिनचूक. माणसं माझ्याभोवती जमली, कागद हातोहात फिरला. आत्याबाई पलीकडे बसल्या होत्या. त्यांना कुणीही काही विचारलं नाही. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, जुनं पंचांग, धोंडे, खरा ज्येष्ठ, सगळं. चूक माझी होती, आत्याबाई कधीच चुकल्या नव्हत्या.

माणसं आत्याबाईंकडे बघायला लागली. त्या शांतपणे म्हणाल्या, "मास्तरांचं काही ऐकू नका. चूक माझीच होती." आणि गावानं माना डोलावल्या. आत्याबाईंचा शब्द आणि माझा शब्द समोरासमोर आल्यावर गाव दुसरं काय करणार होतं? एका म्हाताऱ्यानं तर माझी पाठ थोपटली आणि मास्तर मनाचे मोठे म्हणून लोटाभर ताक आणून दिलं.

माणसं पांगल्यावर मी आत्याबाईंना विचारलं की, त्या वर्षी सगळ्या खुणा पटत असताना, पोराचं वर्ष जाताना दिसत असताना, तुम्ही बसून का राहिलात?

 "आमी जन्मभर शाळेच्या मागं पळालो, मास्तर," त्या म्हणाल्या. "त्या दिशी पहिल्यांदा शाळा आपल्या पायानं, उन्हाची, माझ्या दारात आली. तिला खोटी कशी म्हणू?"

 मोटार यायला अवकाश होता. आम्ही दोघं ओट्यावर तसेच बसून राहिलो.