अप्पांचा पट्ट्यांचा ऊस

पणदऱ्याच्या पुतळाबाईंच्या अंगावर सोनं फारसं नव्हतं, पण विहिरीकडंला ऊस होता. लग्नानंतर त्यांच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, कळसहून बेण्याची मोळी एसटीच्या टपावर टाकून आणली आणि स्वतः लावून दिली. कारखान्याचा नव्हे, खायचा पुंड्या ऊस, दातानं सहज सोलता येणारा. पानांवर पांढुरके पट्टे. अप्पा गेल्यावर त्यांचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता, त्यामुळं पट्टा दिसला की बाईंना अप्पा दिसायचे. जयंतीच्या मिरवणुकीत आळीतल्या पोरांना कांडी वाटताना तर बाईंचा तोरा काय विचारता!

नात रश्मी बारामतीला एका प्रयोगशाळेत पिकांच्या विषाणूंवर काम करायला लागली आणि इथंच माशी शिंकली. तिनं पान तपासलं. पट्टे ही उसाची जात नव्हतीच, तो मोझॅक रोग होता. तिनं आजीला समजावलं की हा विषाणू म्हणजे आरएनएचा एक बारीक धागा. तो आत शिरला की उसाची पेशी आपलं काम सोडून त्याच्याच नकला काढत बसते, आणि पान फिकं पडतं. बेण्यातून तो पुढच्या उसात जातो, मावा किडा त्याला शेजारच्या रानात नेतो. सबब, बेट उपटायचं.

बाईंचं डोकंच फिरलं.

"माज्या बापानं रोग दिला म्हनतीस?" एवढं बोलून त्यांनी नातीशी बोलणं टाकलं. फार लागलं होतं त्यांना.

पण शेजारच्या भिमाच्या उसावर तेच पट्टे उमटले, तेव्हा त्यांनीच टिकाव आणून दिला. रश्मीनं आधी शेंडे काढून घेतले. वाढत्या शेंड्याच्या अगदी टोकाला विषाणू सहसा पोचत नाही, तेवढाच कण तिनं प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवला. रोपं तपासणीत निरोगी निघाली आणि विहिरीकडंला लागली. पानं गच्च हिरवी. बाई रोज बघायच्या आणि तोंड फिरवायच्या, कारण ह्यात अप्पा कुठं दिसतच नव्हते.

ऊस तयार झाल्यावर रश्मीनं सोललेला तुकडा आजीच्या हातावर ठेवला. बाई चघळत राहिल्या. कळसचा बांध आठवला, अप्पांनी दातानं सोलून दिलेलं कांडं आठवलं. चव तीच होती. डोळे भरले, ते त्यांनी लपवले नाहीत.

आता आळीत बेणं वाटू या का, असं रश्मीनं विचारलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"आदी कळसला ने, अप्पाच्या रानात लाव. दिलं तवा त्येला रोगाचं ठावं नव्हतं. लेकीनं बरं करून माघारी धाडलंय म्हनावं."