काशीचा प्रश्न

“साहेब, तो सवाल माजा नाय. काशीचा हाय,” गणू म्हणाला आणि खाली बसला.

डेप्युटीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. शाळा तपासायला ते दर वर्षी येत. उत्तर न येणारी मुलं त्यांनी भरपूर पाहिली असतील. उत्तर येत असून ते दुसऱ्याच्या मालकीचं आहे म्हणून न देणारं मूल बहुधा पहिल्यांदाच पाहत होते.

गाव नेरळहून पोशीरच्या वाटेवरचं. लोकल बोर्डाची चौथीपर्यंतची शाळा, एक मोठी खोली आणि पडवी. मुंबईच्या आमच्या ट्रेनिंग कॉलेजचं शिबिर पंधरा दिवस तिथे उतरलं होतं. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, पण ग्रामीण शिक्षणावरची भाषणं भरपूर मिळत होती. ‘युनिव्हर्सिटीने खेड्यात गेलं पाहिजे’ असं कुणीतरी म्हणालं होतं, म्हणून आम्ही गेलो होतो.

मी त्या कॉलेजात मेथड मास्टर होतो. म्हणजे विषय कसा शिकवायचा हे शिकवणारा. शिवाय कॉलेजच्या वार्तापत्राचा संपादक. कुणाचं व्याख्यान झालं, कुणाला हार घातला, स्नेहसंमेलनात कोण गायलं, हे सगळं माझ्या नावाने छापून येई.

बी.टी. ही शिक्षकाची पदवी घेणाऱ्या पदवीधराला खऱ्या वर्गावर ठरावीक पाठ द्यावे लागतात. आम्ही मागे बसून मार्क देतो. आधी त्याने पाठाचं टाचण लिहून आणायचं. त्यात डाव्या बाजूला प्रश्न आणि उजव्या बाजूला मुलं काय उत्तर देतील ते. मुलांनी ते उत्तर दिलं तर पाठ पुढे सरकतो. नाही दिलं तर पदवीधर खडू हातात घेऊन घामाघूम उभा राहतो आणि त्याचे मार्क जातात.

आमच्या देशपांडे नावाच्या विद्यार्थ्याचा ‘पाऊस कसा पडतो’ हा पाठ त्या शिबिरातला सर्वांत उत्तम ठरला होता. त्याने पुठ्ठ्यावर डोंगर रंगवून आणला होता. शाळेच्या दारातून खराखुरा माथेरानचा डोंगर दिसत होता, पण टाचणात चित्र होतं, म्हणून मुलं डोंगराकडे पाठ करून चित्र पाहत होती. प्रत्येक प्रश्नाला एकच हात वर येई आणि उत्तर अचूक येई. ‘वर्गशिस्त उत्कृष्ट’ असं मी लिहिलं. तो शेरा मला अजून पाठ आहे.

शाळेचे भोईर मास्तर मोठे मर्यादशील गृहस्थ. त्या वर्षी शाळेला पाचवीचा वर्ग मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. मिळणं न मिळणं तपासणीवर होतं. नाही मिळाला तर चौथी झालेल्या मुलांना शिकायला नेरळला चालत जावं लागणार. म्हणजे मुलगे जातील तर जातील, मुली घरीच बसणार.

ही तपासणी आमच्या समारोपाच्याच दिवशी व्हावी, अशी प्रिन्सिपॉलसाहेबांची इच्छा होती. डेप्युटींचा वार्तापत्रात फोटो येईल, हा हेतू. त्यांनी डेप्युटींना तसं कळवूनही टाकलं होतं.

मास्तर चाचरत म्हणाले होते, “साहेब, पोरं पंधरा दिवस माझ्या हाताखाली नाहीत. थोडं पुढं ढकललं तर...”

“अहो भोईर, तुमच्या पोरांना पदवीधर शिकवताहेत,” प्रिन्सिपॉल हसले. “पाचवी काय, सातवी मागून घ्या!”

मीही हसलो होतो.

तर डेप्युटीसाहेबांनी चौथीला विचारलं होतं, समुद्राचं पाणी उन्हाने तापलं की त्याचं काय होतं? आणि गणूने वरचं उत्तर दिलं होतं.

“काशी कुठे आहे?” डेप्युटींनी विचारलं.

“माथेरानला. तिचा बा घोडी हाकतो थितं. त्याची भाकर घेऊन गेलीया.”

“बरं. तुला येतं का उत्तर?”

“येतं की.”

“मग सांग.”

“नको. गुर्जी रागं भरतील.” गणूने देशपांडेकडे पाहिलं. देशपांडे छपराकडे पाहत होता.

“तुझा प्रश्न कोणता मग?”

“ढग कशाचे बनतात,” गणू ताठ उभा राहिला. “ढग बाष्पाचे बनतात!”

लगेच पलीकडचा हसन उठला. “सायेब, माजा त्याच्या मागनं हाय. पर आदी काशीचा होऊं द्या, त्याबिगर आमचं कसं यील?”

वर्ग हसला नाही. मुलांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पंधरा दिवस शाळा अशीच चालली होती.

मला तेव्हा कळलं. पाठाच्या आधी आमचे पदवीधर मुलांना चिंचेखाली नेत आणि प्रश्न वाटून देत. दुसऱ्याच्या प्रश्नाला हात वर करायचा नाही, अशी सक्त ताकीद. मुलं सकाळी येऊन स्वतःच विचारू लागली होती, “गुर्जी, आज माजा सवाल कोनचा?” मी ज्याला वर्गशिस्त म्हणत होतो ती ही.

भोईर मास्तर पुढे आले. “गणू, सांग रं बाळा. सवाल कुणाचा का असंना.”

गणू गोंधळला. “मास्तर, तुमीच तर बोल्लात, शेरातल्या गुर्जींचं ऐका म्हणून.”

प्रिन्सिपॉल म्हणाले, “मूल बुजलंय जरा.”

मी उठून डेप्युटींना पडवीत नेलं आणि जे कळलं होतं ते सांगितलं. “यात मास्तरांचा काही दोष नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी हे केलंय. मुलं हुशार आहेत. महिन्याभराने पुन्हा या, कृपा करून.”

“माझी फेरी ठरलेली असते. हे गाव आता पुढल्या वर्षी,” ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. “आणि शेरा लिहायचा कुणावर? कॉलेज तपासायचा अधिकार मला नाही. शाळा तपासायचा आहे.”

त्यांनी शाळेवर शेरा लिहिला. पाचवी पुढल्या वर्षावर गेली.

मग समारोप झाला. डेप्युटींना हार, प्रिन्सिपॉलना हार, मला गुच्छ. देशपांडेला उत्कृष्ट पाठाचं बक्षीस. ते थांबवा असं मी प्रिन्सिपॉलांच्या कानात म्हणालो, तर ते म्हणाले, “आता पाहुण्यांसमोर?” आभार मानायला भोईर मास्तर उभे राहिले. त्यांनी आम्हा प्रत्येकाचं नाव घेतलं. तुमच्या पायधुळीने शाळा पावन झाली, म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मी तो फार शोधला. टोमणा असता तर मान वर करता आली असती.

वार्तापत्राचा तो मजकूर मी लिहिला नाही. प्रिन्सिपॉलनी स्वतः लिहिला. ‘मुलांची शिस्त पाहून डेप्युटीसाहेब थक्क झाले.’ वाक्य अक्षरशः खरं होतं, त्यामुळे दुरुस्त कसं करायचं हे मला सुचलं नाही. खाली संपादक म्हणून माझं नाव होतं.

पुढल्या वर्षी शिबिराची परवानगी मागायला मी एकटा त्या गावी गेलो. शाळेला पाचवी मिळाली होती. गणू वर्षभर नेरळला चालत गेला होता, पण पावसाळ्यातल्या खाड्यांमुळे तिथली पाचवी राहिली, म्हणून तो परत गावच्या शाळेत आला होता.

“आणि काशी?” मी विचारलं.

“ती माथेरानला एका बंगल्यावर मूल सांभाळते,” मास्तर म्हणाले. “बापाला म्हटलं, पाचवी आलीय, पाठव. तो म्हणाला, आता कामाला लागली ती लागली.”

मास्तरांनी चहा दिला. शिबिराला त्यांची हरकत नव्हती, फक्त एक अट होती. “पाठाआधी तुमच्या मंडळींनी मुलांना भेटू नये. एवढं पाळा, साहेब.”

आम्ही पाळलं. त्या वर्षीचे पाठ इतके वाईट झाले की कॉलेजात तसे कुणी पाहिले नव्हते. एका प्रश्नाला सगळ्या वर्गाचे हात वर आणि उत्तरं टाचणात नसलेली. पाऊस कसा पडतो असं विचारल्यावर मुलं दाराबाहेर डोंगराकडे बोट दाखवून बोलू लागली आणि पदवीधर पुठ्ठा धरून उभा राहिला. मी त्या पाठांना बरे मार्क दिले. ते जास्त आहेत म्हणून प्रिन्सिपॉलनी कमी केले.

तेव्हापासून एक सवय लागली. वर्गात एकच हात वर दिसला की मी प्रश्न दुसऱ्याच कुणाला तरी विचारतो. विद्यार्थी मला विक्षिप्त म्हणतात.

त्यानंतरचं शिबिर प्रिन्सिपॉलनी खालापूरकडच्या एका गावी नेलं. तिथल्या मास्तरांनी कसलीच अट घातली नाही. मी गेलो नाही, वार्तापत्रासाठी मजकूर तेवढा आला. पाठ फार सुंदर झाले होते. एका प्रश्नाला एकच हात वर येत होता.