आप्पांचा हॉर्न

आमच्याकडची घोड्याची शर्यत म्हणजे डांबरी रस्ता. गडमुडशिंगीच्या पुढं फाट्यापर्यंत जायचं, निशाणाला वळसा घालायचा आणि चौखूर परत यायचं. पाठीवर खोगीर नाही, नुसतं पोतं. मागं आणि दोन्ही बाजूंना मोटरसायकली, सगळ्यांचे हॉर्न एकदम. घोड्यानं बिचकून आणखी जोरात पळावं म्हणून ही तऱ्हा. वर बसलेल्याचं काय होतं, ते कोण विचारतो? डावीकडं गाडी, उजवीकडं गाडी, खाली डांबर. थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही. मला तर त्या गर्दीत श्वासच घेता येत नसे.

घरात सगळ्यांत हलका मी, म्हणून आमच्या घोडीवर मीच. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, खताचं दुकान होतं; पण जीव सगळा घोडीत. फटफटीवरून अगदी माझ्या कानाशी येऊन, हॉर्न दाबून धरून ओरडायचे, "हाण की! हाण!" लग्न झालं, पोर झालं, तरी माझी सुटका नाही. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एक घोडं वळणावर घसरलं आणि त्याच्यावरचा गडी जन्माचा लंगडा झाला. त्या दिवशी घरी येऊन म्हणालो, "आप्पा, मला न्हाय जमायचं आता." ते जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "भ्यालास व्हय?" झालं! पुढच्या जत्रेच्या शर्यतीला मी पुन्हा घोडीवर.

मग दोन हजार सालानंतर कधीतरी आजऱ्याकडच्या माळावर बाहेरच्या एका क्लबानं लांब पल्ल्याची शर्यत ठेवली. तिची तऱ्हाच उलटी. कच्च्या वाटेनं तीन मोठ्या फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर सक्तीची विश्रांती, आणि जनावरांचा डॉक्टर नळी लावून छातीचे ठोके मोजणार. ठरल्या वेळेत ठोके खाली आले नाहीत की घोडं बाद, मग ते पहिलं का आलेलं असेना. आमच्यात पळायच्या आधी घोड्याला पाणी दाखवत नाहीत; इथं बादल्या भरून ठेवलेल्या. आमच्यात हाणायचं, इथं राखायचं. मी मनात म्हटलं, आयला, ही तर माणसांची शर्यत हाय! आप्पा हसले, "ही शर्यत म्हणायची का वरात?" पण मी हट्टालाच पेटलो. शेवटी त्यांनी शब्द दिला, घोडी ह्यात पास झाली तर रस्त्यावरची शर्यत कायमची बंद.

दोन फेऱ्या दुडक्या चालीनं झाल्या. दोन्ही वेळा डॉक्टरनं ठोके मोजून "जाऊ द्या" म्हटलं. चढ आला की मी उतरून चालायचो, घोडीशी बोलायचो. तिच्यावर बसून आजूबाजूची झाडं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. तिसऱ्या फेरीत दोघं स्वार पुढं गेले, मी जाऊ दिले. शेवटचा टप्पा गाडीरस्त्याच्या कडेकडेनं होता, आणि तिथं मागनं तो हॉर्न आला.

आप्पांना बघवलं नव्हतं. पोरगं मागं पडलंय म्हणून कुणाची तरी फटफटी मागून घेऊन आले होते. "हाण की! हाण!" मी घसा फाटेस्तोवर ओरडलो, "आप्पा, बंद करा!" त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? घोडीनं कान पाडले आणि सुटली. लगाम ओढून ओढून माझे तळहात सोलले. त्या दोघांनाही मागं टाकून आम्ही पहिले आलो.

आप्पांनी खिशातनं गुलाल काढून माझ्या तोंडाला फासला आणि मला मिठी मारली. तशी मिठी त्यांनी कधीच मारली नव्हती. तिकडं डॉक्टर नळी लावून उभा. घोडीच्या अंगावर पाणी ओतलं, सावलीत फिरवली, पुन्हा ओतलं. वेळ संपली. डॉक्टर म्हणाला, "बाद."

"अवो पावणं, पैला आलाय की आमचा!" आप्पांना कळेचना. डॉक्टरनं त्यांना बाजूला घेऊन सगळं समजावलं. ते गेले आणि फटफटी ज्याची होती त्याला देऊन आले.

टेम्पोत घोडी चढवताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. असली शर्यत आपल्याला न्हाय जमत. पुढच्या जत्रंत दावू की तू काय हाईस ते." त्यांचे डोळे भरले होते. शिव्या घातल्या असत्या तर मी भांडलो असतो.

मी म्हणालो, "व्हय."