मुग्धाचा हात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तेहेतीस वर्षांचा संसार, एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा आम्हाला पाठ आहेत, पण ही एक गोष्ट मी तिच्यापासून जपून ठेवली. जपून म्हणजे दागिना जपतात तशी नव्हे — दुखरा दात जपतात तशी, त्या बाजूने न चावता. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जातंय. यातही भित्रेपणा आहेच. तो पुढे जागोजागी दिसेल.

गोष्ट घोड्यांची आहे. हसू नका. आमच्यासारख्यांच्या घरी घोडा येतो तो लग्नात, आणि तोही तासाच्या भाड्याने. मी अंबडच्या एका कंपनीत पर्चेसला होतो. बोल्ट, बेअरिंग, ग्रीसचे डबे — तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, घासाघीस करायची आणि साहेबांसमोर कागद ठेवायचा. इंदिरानगरला दोन खोल्यांचा फ्लॅट, एक स्कूटर, दोन मुली. थोरली मुग्धा, धाकटी सायली. या घरात घोडेस्वारी शिरली ती दिवाळीच्या सुट्टीतल्या एका शिबिरातून. दिंडोरी रोडला, द्राक्षबागा सुरू होतात तिथे आत एक मैदान होतं. सहा-सात घोडे होते आणि शिकवायला लष्कराच्या घोडदळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. दफेदार हा त्यांचा जुना हुद्दा, पण सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारायचे. शिबिर संपलं आणि दोघी पोरी म्हणाल्या, बाबा, अजून.

मी हो म्हणालो. का म्हणालो? माझ्या वडिलांचा एक आवडता शब्द होता — परवडत नाही. सहल परवडत नाही, सायकल परवडत नाही, नवा शर्ट परवडत नाही. ते खोटं बोलत नव्हते, खरंच परवडत नव्हतं. पण त्या शब्दाची मला इतकी चीड होती की माझ्या मुलींच्या कानावर तो पडू द्यायचा नाही, हे मी लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. ठरवायला काय जातं?

दोन वर्षं बरी चालली. शनिवार-रविवार स्कूटरवर पुढे सायली, मागे मुग्धा, असे आम्ही पंचवटीतून मैदानावर जायचो. मी बाकावर बसून पेपर वाचायचो, बागांवरच्या फवारणीचा वास येत राहायचा. सायली धीट. घोड्यावर बसली की आरडाओरडा, हसणं, सगळ्यांनी आपल्याकडे बघावं ही धडपड. मुग्धा मुळात घोड्यावर बसायची घाईच करायची नाही. आधी शेवंताच्या मानेवरून हात फिरवायचा, कानाशी काहीतरी पुटपुटायचं, मग रिकिबीत पाय. शेवंता ही तिथली म्हातारी घोडी. तोंडाची कडक, बाकीच्या मुलांनी लगाम ओढ ओढ ओढला तरी ही आपली उभी. मुग्धा मात्र नुसती बोटं मिटायची आणि शेवंता वळायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला वाटायचं, घोडी दमली असेल.

मग एक दिवस दफेदारांनी मला बाजूला घेतलं. पुण्याला लहान मुलांच्या स्पर्धा होत्या. ते म्हणाले, आता पोरींना उतरवायला हवं. मी खर्च विचारला — पर्चेसचा माणूस, दुसरं काय विचारणार? प्रवेश फी, घोडा न्यायच्या ट्रकमधला हिस्सा, बूट, हेल्मेट, राहणं-खाणं. आणि शिकवणी कमी करून चालणार नाही, उलट दुप्पट करावी लागेल, हे त्यांनी बजावलं. स्पर्धा आहे म्हणून शिकणं थांबवलं, तर पोर पडतं, घोडाही पडतो. मी मान हलवली.

घरी आलो आणि कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून त्याच्या पाठीवर हिशोब मांडला. दोघींनी नुसतं शिकायचं, स्पर्धा नाही — जमत होतं. दोघींनी शिकायचं आणि दोघींनी उतरायचं — कितीही ओढाताण केली तरी जमत नव्हतं. एकीने शिकायचं आणि उतरायचं, दुसरीने थांबायचं — काटकसर केली तर जमत होतं. आता सांगा, शहाण्या माणसाने काय केलं असतं? पहिलं कोटेशन पास केलं असतं. दोघी शिकत राहिल्या असत्या, स्पर्धेवाचून कोणाचं अडलं होतं?

माझं अडलं होतं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्याचा मुलगा पोहण्यात राज्यापर्यंत गेला होता आणि त्याच्या टेबलावर काचेखाली तो फोटो होता. मलाही फोटो हवा होता — घोडा हवेत, वर माझी मुलगी. हे इतकं क्षुद्र आहे की सांगायलाही लाज वाटते. पण ते तसंच होतं.

पुढच्या रविवारी मी दफेदारांना सहज विचारल्यासारखं विचारलं, एकच उतरवायची झाली तर कोण?

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "थोरली. सायेब, तिचा हात बघा तुमी. लय हलका हात हे. असा हात शिकवून येत नाय. धाकटी धीट हे, पण हात तिला शिकवावा लागंल."

आणि मी धाकटीला निवडलं.

धाकटीला नाही म्हटलं असतं, तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. रडली असती, जेवली नसती, ताई का आणि मी का नाही म्हणून मला पिळून काढलं असतं, आणि मग मला तो शब्द उच्चारावा लागला असता. थोरली समजूतदार होती. लहानपणापासून सगळे म्हणायचे, मुग्धा किती समजूतदार. म्हणजे काय, तर हिच्यावर अन्याय केला तरी आवाज होत नाही. मी तिला निवडलं नाही ते ती कमी होती म्हणून नव्हे. ती गप्प बसेल म्हणून.

पण गप्प बसायलाही तिला काही कारण द्यायला हवं होतं. पैसे नाहीत, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. चौदा वर्षांची होती, तिला कळलं असतं. एक संध्याकाळ वाईट वाटलं असतं आणि मग कदाचित तिने मलाच धीर दिला असता. ते मी म्हणालो नाही. मी काय म्हणालो — इथे येईपर्यंत मी किती वळसे घेतले बघा. अजून एक घेतला असता, पण आता उरलेला नाही.

सायली तापाने घरी होती, मैदानावर आम्ही दोघंच गेलो होतो. येताना स्कूटरवर, पंचवटीच्या सिग्नलला थांबलो असताना, मी मान न वळवता म्हणालो, "मुग्धा, दफेदार म्हणत होते, तुझा हात जड आहे. लगाम घोडीच्या तोंडाला लागतो. ते तुला तोंडावर बोलणार नाहीत, म्हणून मला म्हणाले."

स्कूटरवर बोललो, कारण तिथे तिचं तोंड दिसणार नव्हतं. आणि हेच बोललो, कारण मला माझी मुलगी ठाऊक होती. भितेस म्हणालो असतो, तर तिने धीर केला असता. चुकतेस म्हणालो असतो, तर मेहनत केली असती. घोडीला लागतं म्हटल्यावर ती एक दिवसही थांबणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी शोधून, निवडून तेच वाक्य आणलं होतं. आयुष्यात इतकी चोख खरेदी मी दुसरी केली नाही.

सिग्नल सुटला. रामवाडीचा पूल आला. मग मागून आवाज आला, "बाबा, शेवंताला खूप लागलं असेल का?"

नाही म्हणता आलं असतं. निदान तेवढं तरी. मी म्हणालो, "लागत असणारच."

पुढच्या शनिवारी ती एकदाच मैदानावर आली. गुळाचा मोठा खडा घेऊन. नेहमी ती शेवंताला तळहातावर गूळ द्यायची, त्या दिवशी तो तिने दाणा ठेवायच्या दगडी कुंडीत ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली. शेवंता मान पुढे करत होती. ती मागे सरकत होती. दफेदार आमच्याकडे यायला लागले, तशी मी तिला घाईने स्कूटरकडे पिटाळली आणि त्यांना सांगितलं, नववीचं वर्ष आहे, अभ्यास फार वाढलाय, ती आता येणार नाही.

आता दोन खोटी झाली, आणि ती एकमेकांना भेटता कामा नयेत, ही माझी नोकरी झाली. सायलीची पहिली स्पर्धा आली, तेव्हा मुग्धाला बघायला यायचं होतं. तिने बहिणीसाठी रुमालावर नाव भरलं होतं. भाड्याच्या गाडीत जागा नाही, असं मी सांगितलं. जागा होती. सीटवर बॅगा ठेवून आम्ही पुण्याला गेलो. सायलीला तिसरा नंबर मिळाला, मला फोटो मिळाला.

काही महिन्यांनी दफेदार बोलता बोलता म्हणाले, "पैशाची अडचण होती का सायेब? आसंल तर बोलायचं ना. त्या पोरीला म्या फुकट शिकवली आसती. शेवंता अजून वाट बघती तिची." म्हणजे बघा, दार पुन्हा उघडं होतं. घरी जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी काय केलं? हसलो. छे छे, पैशाचं काय, तिची आवडच गेली म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग खोगीर उचलून निघून गेले.

सायलीने दोन वर्षं स्पर्धा केल्या आणि कॉलेजात गेल्यावर सगळं सोडून दिलं. तिचा काही दोष नाही, पोरं सोडतात. आता ती पुण्यात नोकरी करते, घोड्यांचा विषयही काढत नाही. बूट कोणाला तरी देऊन टाकले. हेल्मेट आमच्या गॅलरीत टांगलेलं आहे, बायको त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते. रिटायर झालो तेव्हा फोटो टेबलाच्या काचेखालून काढायला गेलो, तर तो काचेला चिकटून बसला होता, अर्धा फाटला.

मुग्धाने मात्र माझं ते वाक्य सोडलं नाही. कोणाच्या पायातला काटा काढायचा असला की ती म्हणायची, माझ्याकडून नको, मला जोर कळत नाही. बारावीला चांगले मार्क होते. मी म्हणालो, जनावरांची डॉक्टर हो. मीच म्हणालो — केवढा निर्लज्जपणा! ती म्हणाली, नको बाबा, मुक्या जीवांना माझा हात नको. घरात सगळ्यांना तो तिचा स्वभाव वाटतो. तिच्या आईलाही. तिच्या नवऱ्यालाही तिने लग्नाआधी हसत हसत सांगितलं होतं, माझा हात जड आहे हं.

चार वर्षांपूर्वी दफेदार गेल्याचं कळलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो — सुटलो. आता कोणी सांगणारं उरलं नाही. नंतर वाईट वाटलं, पण ते नंतर.

गेल्या वर्षी मुग्धा बाळंतपणाला आमच्याकडे आली. मुलगी झाली. महिनाभर बाळाला तेल लावायला, न्हाऊ घालायला बाई येत होत्या. त्यांचे दिवस संपल्यावर बायकोने पाट मांडला, पाणी काढलं आणि मुग्धाला म्हणाली, चल, आजपासून तू घाल. मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसलो होतो. दार उघडं होतं.

मुग्धा पाटाशी बसली. बाळाला तिच्या पायांवर दिलं. तिने हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. "नको गं आई. तूच घाल. माझा हात जड आहे, तिला लागेल."

बायको हसली. म्हणाली, अगं, आईचा हात कधी लागतो का? पण ती ऐकेना. शेवटी बायकोनेच आंघोळ घातली. मुग्धा बाजूला बसून राहिली, दोन्ही हात पाठीमागे धरून. ते हात मी आधी पाहिले होते. पाण्याने बाळ रडायला लागलं, तशी तिने एक बोट पुढे केलं, नुसतं एक, आणि बाळाने ते मुठीत धरलं. ती ते सोडवत नव्हती, हलवतही नव्हती. बाळ रडायचं थांबलं. तिच्या तोंडावर भीती होती, स्वतःच्या मुलीला हात लावायची भीती, आणि ती मी घातलेली होती.

उठून आत जायला आठ पावलं होती. मी पेपरचं पान उलटलं.

ती चार महिन्यांनी सासरी गेली. रोज व्हिडिओ कॉल येतो. बाळाला अजून तिची सासू न्हाऊ घालते, असं परवा बायकोकडून कळलं.

शेवंताला कधीच लागलं नव्हतं. एकदाही नाही. हे तुम्हाला सांगितलं, तिला नाही.