शंभर म्हणेपर्यंत

रविवारी जाग आली की मी आधी फोनमध्ये वारा बघते, मग चष्मा लावते. आकडे धूसरच दिसतात, पण चष्म्यापर्यंत हात न्यायलाही धीर नसतो. वारा बारा नॉटच्या खाली असला की माझा दिवस वाया गेला. चहा करते, अर्धाच पिते, कपाट आवरायला काढते, तसंच टाकते आणि पुन्हा ॲप उघडते, जणू मी दुसऱ्यांदा बघितलं म्हणून वारा शरमेनं सुटणार आहे. बाराच्या वर असला तर वेगळीच घाई. बोर्ड गाडीच्या टपावर बांधलेला असतो, शीड शनिवारीच गुंडाळून ठेवलेलं असतं, तरी मी पोचेपर्यंत वारा पडेल अशी धास्ती असते.

ब्रिस्टलमध्ये मी विमानांच्या पंखांचं काम करते. आठवडाभर स्क्रीनवर वारा असतो, रंगीत रेषांचा, आणि तो एकदाही अंगाला लागत नाही. विंडसर्फिंग मी शिकले ते बाबा गेले त्या वर्षी, माझ्या त्रेचाळिसाव्या वर्षी. नागपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर मला एका जागी बसवेना. मीटिंगमध्ये पाय हलायचा, जेवताना मी ओट्याशी उभी राहायचे. ऑफिसातल्या एकीनं कंटाळून मला शहराबाहेरच्या तलावावर नेलं. पहिल्या दिवशी वीसेक वेळा पाण्यात पडले. पण एकदा, दहा-बारा सेकंद, शिडात वारा भरला, बोर्ड धावायला लागला आणि डोक्यातलं सगळं थांबलं. त्या दहा-बारा सेकंदांसाठी मी तेव्हापासून हिवाळासुद्धा सोडलेला नाही.

गेल्या ऑक्टोबरात आई सहा महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आली. मी एकटी राहते, दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. त्यात आई दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत जायची. अस्वस्थपणा मी कुठून आणला, हे मला तेव्हा कळलं.

पहिल्याच रविवारी मी सूट खांद्यावर टाकून निघाले, तशी ती दारात आली.

"कुठं चालली तू?"

"तलावावर. सांगितलं होतं नं."

"या थंडीत? पाण्यात?"

मी तिला ड्रायसूट दाखवला. डोक्यापासून नाही, पण गळ्यापासून पावलांपर्यंत एकच अंगरखा. आत वाटेल तेवढे गरम कपडे घालायचे. गळ्याला आणि मनगटांना पातळ रबराच्या घट्ट पट्ट्या असतात, म्हणून आत थेंब येत नाही.

"आणि आला तर?"

"नाही येत."

"तुला काही झालं तर मी कोणाला फोन करू?" ती म्हणाली. "खालची बाई हॅलो म्हणते अन् दार लावते. मला या घराचा पत्तासुद्धा धड सांगता येत नाही इंग्लिशमधून. मी इथंच बसून राहीन, तुझी वाट पाहत."

मी आवाज चढवला. "मग काय मी पण घरात बसून राहू?"

"बस नं. मी बसलीच आहे नं."

त्या दिवशी मी गेले, पण शीड एकदाही नीट धरता आलं नाही. पुढच्या रविवारी आई स्वतःच दारात उभी होती, हातात खोबरेल तेलाची बाटली. इथल्या थंडीत ते तेल मेणासारखं घट्ट होतं. तिनं बाटली सकाळपासून रेडिएटरवर ठेवून पातळ केली होती.

"जायचंच असेल तर तेल लावून जा. तेल असलं की थंडी हाडात शिरत नाही."

मी भांडायच्या तयारीत होते, त्यामुळे जरा गडबडले. खाली बसले. तिनं गळ्याला, मानेला, मनगटांना भरपूर तेल चोळलं, अगदी मी सहावीत पोहायला जायचे तेव्हा चोळायची तसं. पाच मिनिटं लागली. मग म्हणाली, "जा."

तेवढ्यावर परवानगी मिळत असेल तर मला काहीही चाललं असतं. दर रविवारी मी तेल लावून घेतलं.

आता खरं सांगते. तेल रबराला खातं, हे मला माहीत होतं. सूटच्या आत चिठ्ठीच शिवलेली आहे: तेल नको, क्रीम नको, फक्त टाल्कम पावडर. आणि ती चिठ्ठी नसती तरी माझं पोट अशाच गोष्टींवर चालतं, पंखांतल्या कुठल्या रबरी रिंगला कुठलं तेल चालतं यावर मी ऑफिसात तास तास वाद घालते. पण तेल नको म्हटलं असतं तर तो सौदाच मोडला असता. म्हणून तलावावरच्या क्लबात पोचल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीत टिशूनं मान पुसायचे आणि पुसलेलं तेल म्हणजे न लावलेलं तेल असं स्वतःला पटवायचे. जानेवारीपर्यंत गळ्याची पट्टी हाताला चिकट लागायला लागली होती. कडेला सुरकुत्याही आल्या होत्या. मी बोटानं दाबून बघितलं आणि म्हटलं, अजून एक रविवार निघेल. ऑफिसात कोणी असं म्हणालं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

त्याच सुमारास एका संध्याकाळी मी आईला एक व्हिडिओ दाखवला. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशात गोठलेल्या तळ्यावर माणसं पाती लावलेल्या फळीवर उभी राहून शीड धरत होती आणि गाडीच्या वेगानं पळत होती. आईनं तो दोनदा पाहिला.

"हे बरं आहे नं," ती म्हणाली. "यात पडलं तरी बुडत नाही. तू हे कर."

इंग्लंडात इतका बर्फ धरत नाही, हे ऐकून तिला या देशाबद्दल जरा वाईटच वाटलं.

जानेवारीतल्या एका रविवारी आमचा बॉयलर बंद पडला. माणूस सोमवारी येणार होता. बाहेर शून्याच्या खाली, घरात श्वासाची वाफ दिसत होती. तेल काही पातळ होईना, तेव्हा आईनं बाटली स्वेटरच्या आत, पोटाशी धरून ठेवली आणि अर्ध्या तासानं माझ्या मानेला लावलं. तिला त्या थंड घरात सोडून जाणं बरं दिसलं नसतं, आणि ईशान्येचा सोळा नॉटचा वारा सोडणं मला जमलं नसतं. तिला म्हटलं, चल, क्लबात हीटर आहे, चहा मिळतो. तिनं दोन शाली घेतल्या आणि निघाली.

तलावाच्या आडोशाच्या कोपऱ्यात बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. पाण्यात उतरायच्या उतारावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकलेलं होतं. आम्ही चौघंच होतो. आईला काचेजवळची खुर्ची दिली, चहा दिला.

"शीड आडवं पडलं तरी घाबरायचं नाही," मी तिला सांगितलं. "मी परत उचलते."

"किती वेळात?"

"हळूहळू शंभर म्हण. त्याच्या आत उभं राहतं." खरं तर मी हे तिला गप्प करायला म्हटलं.

पहिली वीस मिनिटं अशी होती की त्यांच्यासाठी मी पुन्हा तो सगळा मूर्खपणा करेन. हातमोज्यांवर उडालेलं पाणी बूमवर गोठत होतं. बूम म्हणजे शिडाचा आडवा दांडा, तो घट्ट धरून मी पाठीवर रेलले होते आणि बोर्ड नुसता खडखडत धावत होता. नागपूर नाही, ऑफिस नाही, कोणाचा फोन नाही. मग वळताना मागून वाऱ्याचा एक जोराचा झोत आला, त्यानं मला शिडासकट उचलून पुढे फेकलं. पडणं नेहमीचंच. पण पाण्यावर आले तेव्हा गळ्याशी काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि छातीवरून बर्फाचं पाणी खाली ओघळलं.

श्वास आत गेला तो बाहेर येईना. किंकाळीसुद्धा फुटली नाही. बोर्डावर कोपरं टेकून मी चढायला बघितलं, पण प्रत्येक खेपेला सूटमध्ये आणखी पाणी शिरत होतं आणि पाय जड होत होते. मदतीसाठी हात हलवायचा असतो, एवढं आठवत होतं. हात बोर्डावरून सोडायची हिंमत नव्हती. मी किनाऱ्याकडे पाहिलं. त्या काचेमागे आई होती आणि मी तिला सांगून ठेवलं होतं की घाबरू नकोस. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि त्यातली निम्मी तिच्यासाठी होती. तिला घरी कोण नेईल, तिला पत्ता सांगता येत नाही.

इंजिनाचा आवाज आला तेव्हा मला तो भास वाटला. रेस्क्यू बोटीच्या ड्युटीवर त्या दिवशी एक निवृत्त पोस्टमन होता. त्यानं मला खांद्याच्या पट्ट्यांना धरून पोत्यासारखं आत ओढलं. मी दात वाजवत विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी तर हात केला नव्हता.

"तुझी आई," तो म्हणाला. "माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, डॉटर, डाउन, हंड्रेड. मला काही कळेना. तिनं माझी बाही सोडली नाही."

क्लबात मला हीटरपुढे बसवलं, ओले कपडे काढले, आईच्या दोन्ही शाली अंगावर आल्या. आई माझी बोटं एकेक करून चोळत होती. पोस्टमननं सूट उलटा केला, एक बादलीभर पाणी फरशीवर ओतलं आणि गळ्याची पट्टी उजेडात धरली. ती अर्ध्यापर्यंत फाटली होती. त्यानं अंगठ्यानं रबर चोळून पाहिलं, वास घेतला.

"हे सडलंय. यावर ऑइल वगैरे लागलं होतं का?"

"नाही," मी पटकन म्हणाले. "सूट जुना आहे."

आईचे हात थांबले. ती उठून उभी राहिली आणि जिला दुकानात पिशवी मागायलाही मी लागते, ती त्या परक्या माणसाला म्हणाली, "ऑइल. येस. आय पुट. एव्हरी संडे. आय पुट."

तो बिचारा वरमला. म्हणाला, काही हरकत नाही, पट्टी नवी बसवता येते, पुढच्या वेळी पावडर लावा. आई मान हलवत राहिली.

गाडी मी चालवण्याच्या लायकीची व्हायला तास गेला. परतीच्या वाटेवर आईनं विचारलं, "तेलानं खराब होतं, हे माहीत होतं तुला?"

खोटं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"हो."

"मग बोलली काहून नाही?"

"तू जाऊ दिलं नसतं."

ती बाहेर बघत म्हणाली, "तुझ्या बाबांच्या वेळेसही तेच. डॉक्टरला माहीत, तुझ्या काकाला माहीत, तुला फोनवर माहीत. मला सगळे म्हणत होते, ठीक आहेत. मी त्यांना त्या दिवशी दवाखान्यात खिचडी करून नेली होती डब्यात. माहीत असतं तर घरी कशाला गेली असती मी खिचडी करायला?"

हे खरं होतं. बाबा आता वाचत नाहीत हे काकांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, आईला बोलू नकोस म्हणून बजावलं होतं आणि मी बोलले नव्हते. तिला जपतोय असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं. मी गाडी बाजूला घेतली आणि रडले. आईनं मला रडू दिलं, समजूत घातली नाही. तेच बरोबर होतं.

सूट दुरुस्त होऊन यायला तीन आठवडे लागले. तीन रविवार मी वारा बघितला नाही असं म्हणणार होते, पण आता खोटं बोलायचं नाही असं ठरलंय. बघितला. चौथ्या रविवारी अठरा नॉट होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आई खुर्चीत बसली होती, बाटली कुठंच दिसत नव्हती. मी पिशवी भरली, पावडरचा डबा टाकला, दारापर्यंत गेले आणि परत आले. जाऊ नये असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"आई, पट्टी नवी आहे," मी म्हटलं. "तरी ती फाटू शकते. झोत जोराचे आहेत, मी पडणार. पाणी चार अंश आहे. तू नको म्हण, मी नाही जात. तेल लाव, म्हणजे सूट घालताच येणार नाही, मी इथंच बसते."

मी तिच्यापुढे खाली बसले. पाय हलत होता, तो मी हातानं धरून ठेवला.

आईनं माझ्या मानेवर हात ठेवला. कोरडाच.

"आल्यावर लावीन," ती म्हणाली.

मग ती उठली, कपाटातून बाटली काढली, आतलं तेल पांढरं घट्ट झालं होतं. ती तिनं रेडिएटरवर ठेवली, आम्ही येईपर्यंत पातळ व्हावं म्हणून, आणि दाराशी बसून बूट चढवायला लागली.

"चल. शंभर कोण म्हणणार?"