बिननावाच्या दोन पत्रिका

सबुरीताईंकडे उतावळ्या माणसांचीच गर्दी असायची. ज्याला घाई नाही, तो ज्योतिषाकडे जाईलच कशाला?

पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत एक टेबल, समोर दोन खुर्च्या आणि भिंतीला लागून एक लांब बाक. आतल्या खोलीत त्यांची आई. आईला ऐकू कमी यायचं, म्हणजे तिच्याशी बोललेलं कमी यायचं. बाहेरच्या खोलीत कुजबुजलेलं मात्र शब्दन् शब्द ऐकू यायचं.

नोकरी, घर, परदेश असले प्रश्न घेऊन येणारे लोक ताईंकडे फारसे फिरकत नसत. त्यांच्या बाकावर बसायची ती प्रेमात पडलेली माणसं. हा शब्द पाळेल का, ती घरच्यांपुढे उभी राहील का, आमचं भांडण मिटेल की आम्हीच मिटू, असे सगळे प्रश्न. ताईंचे नियम तीन. पत्रिकेवर नाव नको. पत्रिका वाचत असताना मधे बोलायचं नाही. आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा.

नावाचा नियम त्या ठेच लागून शिकल्या होत्या. धंद्याच्या सुरुवातीला एका मैत्रिणीनं लेकीसाठी मुलाची पत्रिका आणली. मुलगा ताईंच्या ओळखीचा, आणि त्यांच्या मते उडाणटप्पू. झालं, त्याच्या ग्रहांतही त्यांना उडाणटप्पूपणाच दिसला. पुढे तो मुलगा दृष्ट लागावी असा संसार करू लागला, फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीशी. मैत्रिणीनं बोलणं टाकलं ते टाकलंच. तेव्हापासून कागदावर फक्त घरं आणि ग्रह. कागद जे सांगेल ते बोलायचं, मग ते कुणाला आवडो न आवडो.

पण बोलण्याची हातोटी मात्र होती हो बाईंना. सातव्या घरात, म्हणजे जोडीदाराच्या घरात, मंगळ निघाला की लोक पांढरेफटक पडतात. ताई म्हणायच्या, "अहो, भांडणं होतील, दुसरं काय होणार? भांडायला निदान समोरासमोर बसावं तरी लागतं. न भांडता तोंड फिरवून झोपणारी जोडपी मी जास्त बघितलीत." चंद्र निघाला तर, "याचं मन सकाळी एक, संध्याकाळी एक. लग्नाचं विचारायचं असेल तर सकाळीच विचारून घे." आणि शनी निघाला, समोरची पोरगी रडवेली झाली, की ताई चष्मा सारखा करून पुढे सरकायच्या. "हे बघ, शुक्र प्रेमात पाडतो. पडायला काय लागतं? पडल्यावर तिथं राहायला शनीच लागतो. तो उशीर करतो, परीक्षा घेतो, नाकी नऊ आणतो. पण सातव्या घरात त्याला बळ येतं. शनीनं धरलेला हात सुटत नाही. जरा सबुरीनं घे."

हे 'सबुरीनं घे' इतक्यांना सांगून झालं, की नावच पडलं सबुरीताई.

आता गंमत अशी, की ताईंच्या स्वतःच्या सातव्या घरात शनीच होता. पंचविशीत एक जमत आलेलं लग्न मोडलं. पुढे ज्योतिष शिकल्यावर त्यांनी स्वतःची पत्रिका उघडली, सातव्यात शनी पाहिला आणि त्या घराला कुलूपच लावून टाकलं. दुसऱ्याचा शनी धरलेला हात न सोडणारा, आणि यांचा शनी दारात आडवा पडलेला! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. कुणी लग्नाचा विषय काढला की त्या म्हणायच्या, "माझ्या सातव्यात शनी आहे." सांगायच्या अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंचं काहीतरी ऑपरेशन झालेलं दिसतंय.

त्यांच्या खोलीच्या बरोबर खाली चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाला विधुर. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. माणूस उंच, बोलायला बेताचा. गावभराच्या काचा पुसणार आणि स्वतःचा चष्मा कायम बोटांच्या ठशांनी भरलेला. गिऱ्हाईक आलं की हा आधी चष्म्याच्या नंबरचं कार्ड मागायचा. "कार्डाशिवाय मला माझासुद्धा नंबर सांगता येत नाही," असं हसत हसत सांगायचा, आणि ते खरंच होतं.

अख्खी इमारत सबुरीताईंना ताई म्हणे. वरच्या मजल्यावरचे सत्तरीचे वकीलसुद्धा ताई म्हणत. चष्मेवाला तेवढा कधी म्हणाला नाही. जिन्यात गाठ पडली की 'अहो' म्हणायचा आणि पुढचा शब्द गिळायचा. ताईंच्या हे पहिल्या वर्षीच लक्षात आलं होतं. त्यांनी तसं कधी दाखवलं नाही, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी ताईंच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला. चष्मेवाल्यानं छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला, मान खाली घातली आणि स्क्रूकडे बघत बघत विचारलं, "अहो, आपण दोघांनी लग्न केलं तर काही हरकत आहे का?"

ताईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "माझ्या सातव्यात शनी आहे."

त्यानं थोडा वेळ विचार केला. "त्यावर काही इलाज?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि स्क्रू आवळला. पुढे दर महिन्याला तो स्क्रू ढिला होऊ लागला आणि ताई दर महिन्याला खाली जाऊ लागल्या. एकच स्क्रू इतक्या वेळा कसा ढिला होतो, याचा तपास चष्मेवाल्यानं कधी केला नाही. शहाणा माणूस.

असंच चाललं असतं, तर दोघंही तक्रार न करता म्हातारी झाली असती. पण एका सकाळी ताई पिशवी घेऊन जिना उतरल्या, तर दुकानाच्या काचेवर कागद. 'दुकान महिनाअखेर बंद होत आहे. तयार चष्मे घेऊन जावेत.'

"हे काय?" ताईंनी दारातूनच विचारलं.

"मुलगी बोलावते आहे," चष्मेवाला म्हणाला. तो रिकाम्या फ्रेमा खोक्यात भरत होता. "नातू चालायला लागलाय. ती म्हणते, बाबा, तिथं तुम्ही कशासाठी थांबलाय ते सांगा, मग मी आग्रह करणार नाही. मला काही सांगता येईना."

"बरं आहे की मग," ताई म्हणाल्या. "जा." आणि बाजारात न जाताच रिकामी पिशवी घेऊन वर आल्या.

त्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी ताईंना पत्रिका दाखवल्या, त्यांची कीव करावी. एकाला म्हणाल्या, शुक्राचं काही खरं नसतं. दुसऱ्याला म्हणाल्या, वचनं द्यायला काय जातंय. एक साधीभोळी मुलगी तर हमसून हमसून रडत जिना उतरली. ती गेल्यावर आतून हाक आली.

"त्या पोरीला कशाला रडवलंस गं? तिनं काय तुझं घोडं मारलंय?"

"तुला ऐकू येत नाही ना, आई?"

"वाचता तर येतं. आज आवाराच्या गेटपर्यंत जाऊन आले, तेव्हा काचेवरचा कागद वाचला. चष्मा त्यानंच करून दिलाय मला." आई दारात आली. "तुझ्या त्या शनीला म्हणावं, आता खालचं दुकान रिकामं होतंय. पुढच्या महिन्यात स्क्रू आवळायला कुठं जाणार आहेस?"

ताई उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. तो गेला तर आपलं काय होईल, हे सांगायला त्यांना कुठल्याही ग्रहाची गरज नव्हती. आणि खाली जाऊन 'जाऊ नका' म्हणायचं, तर तेवढी जीभ उचलत नव्हती.

महिनाअखेर आली. त्या दिवशी बाकावर दोन तरुण जोडपी होती आणि त्यांच्या मधोमध, इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यावर एक मोठं पाकीट ठेवून, चष्मेवाला. पहिल्या जोडप्याचं होईपर्यंत तो छताकडे बघत बसला. मग त्याचा नंबर आला. तो खुर्चीत बसला आणि पाकिटातून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. पट्टीनं आखलेली घरं, बारीक नेटकं अक्षर. वर नाव नव्हतं.

"नियमाप्रमाणे आहे ना?" त्यानं विचारलं.

ताईंनी दुसरा कागद बघितला आणि त्यांचे कान तापले. चपलांच्या ढिगात आपली चप्पल ओळखायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच ज्योतिषाला स्वतःची पत्रिका ओळखायला लागतो. त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. एरवी बोटभर किलकिलं असलेलं दार आज सताड उघडं होतं. मूळ पत्रिका कुणाच्या ट्रंकेतून खाली गेली आणि कुणाच्या हातून नकलून वर आली, ते त्यांना लख्ख कळलं.

चष्मेवाला मात्र निर्धास्त होता. ज्याला जन्मात कुणाचा नंबर पाठ झाला नाही, त्याला वाटलं, हजारो पत्रिका बघणाऱ्या बाईला ही एक कशी आठवणार?

ताईंना कागद परत करता आले असते. 'ही माझी पत्रिका आहे, हा काय चावटपणा,' एवढं म्हटलं असतं, की तो माफी मागून उठला असता आणि खोकी बांधायला खाली गेला असता. मग खरंच सगळं संपलं असतं. पण बिननावाचा कागद समोर आला की तो वाचायचा आणि जे दिसेल ते बोलायचं. हा नियम त्यांनी आजवर मोडला नव्हता.

"आधी याची," त्या म्हणाल्या. आवाज जरा चिरकला. "शुक्र बाराव्या घरात. बारावं घर लपवाछपवीचं. हा माणूस ताकाला जाणार आणि भांडं लपवणार. प्रेम करेल, मन लावून करेल, पण बोलणार नाही. एकदा विचारेल, तेही मान खाली घालून. आणि मग दोन वर्षं नुसता स्क्रू आवळत बसेल."

चष्मेवाला चमकला. "हे पत्रिकेत दिसतं?"

"मधे बोलायचं नाही."

ताईंनी दुसरा कागद पुढे ओढला.

"सातव्यात शनी," त्या म्हणाल्या आणि अडल्या. पुढचं वाक्य त्यांनी कित्येक पोरींना धडाधड म्हणून दाखवलं होतं. आज ते एकेक शब्द करून म्हणावं लागलं. "शनी उशीर करतो. परीक्षा घेतो. पण सातव्या घरात त्याला बळ येतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, कारण डोळे भरले होते आणि तसंही काही दिसत नव्हतं. "त्याच्यात काही वाईट नाही. वाईट आहे ती ही मुलगी. मुलगी कसली, चांगली घोडनवरी. हट्टी आहे. एकदा पोळली म्हणून घाबरते, आणि शनीला पुढं करून त्याच्या मागं लपून बसलीय. बिचाऱ्या शनीला उगाच बदनाम केलं तिनं."

आतून आई खोकली. मुद्दामच.

"झालं," ताई म्हणाल्या. "एक प्रश्न विचारा."

चष्मेवाल्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "ती हो म्हणेल का?"

याचं उत्तर ठरलेलं होतं. ताई सगळ्यांना तेच द्यायच्या. "ते पत्रिकेत नसतं. ते तिलाच विचारावं लागतं."

"विचारलं होतं. तिनं शनीचं नाव सांगितलं."

"मग परत विचारा. आणि या वेळी मान वर करून विचारा."

बाकावरचं जोडपंसुद्धा आपलं प्रेम विसरून इकडे बघायला लागलं होतं. चष्मेवाल्याला आता कुठं उजेड पडला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"बघता क्षणी. माझी पत्रिका मला पाठ आहे. सगळेच काही तुमच्यासारखे नसतात, एकाचाही नंबर लक्षात नसलेले."

"एकाचा आहे," तो म्हणाला. "उजवा डोळा वजा सव्वादोन. डावा वजा पावणेतीन. आणि डावी काच अर्ध्या नंबरानं वाढवायला झालीय, कारण जिन्यात तुम्ही शेवटची पायरी चाचपडता."

टेबलावर पडलेला चष्मा त्यानं उचलला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि ताईंपुढे धरला. ताईंनी तो डोळ्यांवर चढवला. समोरचा माणूस नीट दिसायला लागला. त्यानं मान वर केली होती. घाबरला होता, पण मान वरच होती.

"अहो," तो म्हणाला, "तुम्ही माझ्याशी..."

"हो," सबुरीताई म्हणाल्या.

"मधे बोलायचं नाही," चष्मेवाला म्हणाला, आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सबुरीताई प्रश्न पुरा होईपर्यंत थांबल्या.