डाव्या बाजूची बटणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी चहात चोरून किती साखर घातली तेसुद्धा शेवटी सांगून टाकतो, म्हणजे बघा. आज तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय, झालं.

आधीच एक कबूल करतो. मी सुखात आहे. रत्नागिरीत शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, संध्याकाळी भाट्याच्या पुलापर्यंत चालून येतो, दुपारी जेवल्यावर डोळा लागतो तो चहाच्या वासानंच उघडतो. या गोष्टीनं माझी झोप उडाली असं म्हणालो, तर ते आणखी एक खोटं होईल. झोप छान लागते. तरीही —

आमचं एक चित्रपट मंडळ आहे. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी, दुपारी चारला, परदेशी चित्रपट दाखवतो. चाळीसेक माणसं येतात — डॉक्टर, वकील, प्राध्यापक, बँकेतून निवृत्त झालेले. पडद्यावर खाली इंग्रजी ओळी येतात, त्या मी माईकवरून मराठीत सांगत जातो. आणि खुनाचा चित्रपट असला की आमची एक पद्धत आहे. मध्यंतरात प्रत्येकानं खुनी कोण आणि कशावरून, ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायची. ज्याचं बरोबर येईल त्याला फणसपोळी. डबा माझ्याकडे, चिठ्ठ्या वाचायच्या मी, निकाल सांगायचा मी. लोकांचा विश्वास होता हो माझ्यावर. मास्तर माणूस पडलो.

आता सुजाताताई. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि गिऱ्हाइकानं पोट आत घेऊन उभं राहण्यापुरती जागा. माझे शर्ट वर्षानुवर्षं त्याच शिवतात. हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे हवे होते, तेही मी त्यांनाच शिवायला दिले. ते टांगायला त्या एका रविवारी आल्या, काम संपेपर्यंत चार वाजत आले, आणि मी म्हटलं, थांबा की, बघून जा.

"मला काय कळतंय वो सर त्यातलं? ही सगळी शिकलेली माणसं," त्या म्हणाल्या.

"बघायला डोळे लागतात, ताई. शिक्षण नाही," मी म्हणालो.

हे मीच म्हणालो होतो. किती छान वाटलं होतं मला ते म्हणताना! तिसऱ्या रांगेत अगदी कडेच्या खुर्चीवर त्या बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

चित्रपट इटलीतला, जुना, आणि काढणाऱ्याचा खिसा फाटकाच असावा. एकच जिना चार वेगवेगळ्या घरांत वापरलेला. रक्त म्हणजे हुबेहूब कोकमाचं आगळ. खुनी काळ्या कोटात, काळ्या टोपीत, काळ्या हातमोज्यांत — चेहरा कधी दिसायचाच नाही. मध्यंतरापर्यंत तीन बायका मेल्या आणि चहाबरोबर मतांना ऊत आला. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा जखमेतून इतकं रक्त येत नाही. वकील म्हणाले, तीन खून झाले आणि पंचनामा एकाचाही नाही. एका प्राध्यापक बाईंना खुनांचं काही नव्हतं, त्या घरातल्या लाद्या मात्र फार आवडल्या होत्या. संशय जवळजवळ सगळ्यांचा एकावरच — लंगडत चालणाऱ्या चित्रकारावर. माझाही.

मी डबा घेऊन आतल्या खोलीत गेलो आणि चिठ्ठ्या उघडू लागलो. चित्रकार, चित्रकार, चित्रकार, एखाद्या हौशानं लिहिलेला पोलीस अधिकारी. मग एक वेगळी चिठ्ठी निघाली — कपडे बेततात त्या खाकी कागदाचा तुकडा, कडेला निळ्या खडूची रेघ. पर्समधूनच काढला असणार. त्यावर सावकाश, गोल अक्षरात लिहिलं होतं — "काळा कोट बाईचा आहे. बटणं डाव्या बाजूला आहेत. पुरुषाची उजव्या बाजूला असतात. खुनी बाई आहे. — सुजाता."

मी स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. खरंच की, उजवीकडे! साठी गाठत आलेला मी, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

तुमच्या लक्षात आलं असेल, मी इथं जरा रेंगाळतोय. तसा मी चालण्यात चपळ आहे. पण ही खोली ओलांडायला मला नेहमीच वेळ लागतो.

मंडळ सुरू झाल्यापासून मी त्यात होतो, आणि मला एकदाही खुनी सापडला नव्हता. सापडणार कसा? माझे डोळे सतत खालच्या ओळींवर. वर काय चाललंय ते मी धड बघतच नव्हतो. आणि इथे पहिल्यांदाच येऊन बसलेल्या बाईंनी अर्ध्या चित्रपटात — हेवा वाटला. दुसरा शब्द नाही. मी चिठ्ठीची घडी केली आणि खिशात घातली. तेव्हा मनाशी म्हणालो, उत्तर चुकलं तर लोक हसतील, आपण बाईंची लाज राखतोय. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

शेवटी झटापटीत टोपी उडाली, केस मोकळे झाले, आणि चित्रकाराची गोड बोलणारी घरमालकीण समोर उभी! हॉलमध्ये एकच कल्ला. दिवे लागले. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "डब्यात एकही बरोबर उत्तर नाही." इथे थांबलो असतो तरी — पण नाही. कुणी विचारलं नव्हतं, तरी पुढे म्हणालो, "मला मात्र कोटाच्या बटणांवरून शंका आली होती."

टाळ्या पडल्या. वकील तर उठून उभे राहिले. फणसपोळी मलाच मिळाली.

मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. सुजाताताई माझ्याकडे बघत नव्हत्या. खिडकीवरच्या पडद्याकडे बघत होत्या, शिवण सरळ आली आहे ना ते बघावं तशा. मग पर्स उचलून निघून गेल्या. त्यांनी तोंड उघडलं असतं तर? एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पडदे टांगायला आलेली बाई. कुणाचं ऐकलं असतं लोकांनी? हे मला माईक हातात घेण्याआधीच माहीत होतं. त्याच भरवशावर तर मी बोललो.

फणसपोळी घरी नेली आणि खाल्ली. चांगली होती.

त्या बटणांनी माझं नाव झालं. गावातल्या साप्ताहिकानं चित्रपटांवर सदर लिहायला दिलं, पहिला लेख अर्थात बटणांवर. मासळी बाजारात अजूनही कुणी तरी हाक मारतं, काय सर, या खेपेला कोण खुनी? मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू, फार आवडतं.

सुजाताताई अजूनही चित्रपटाला येतात. त्याच कडेच्या खुर्चीवर बसतात. मध्यंतरात डबा आला की न उघडता शेजारी देतात.

सदराला दहा वर्षं झाली तेव्हा मंडळानं माझा सत्कार ठेवला. त्यासाठी मी त्यांच्याकडूनच नवा शर्ट शिवून घेतला, फिकट पिवळा. घालताना बोटं जरा अडखळली. नवी काजं घट्टच असतात, म्हटलं, आणि घाईत निघालो. व्यासपीठावर शाल, श्रीफळ, माझ्या बारीक नजरेवर तीन भाषणं. सुजाताताई तिसऱ्या रांगेत होत्या. संध्याकाळी घरी येऊन शर्ट काढायला लागलो, तर बोटं पुन्हा अडखळली. म्हणून आरशाशी न जाता खाली मान घालून नीट बघितलं. बटणं डाव्या बाजूला होती. सगळीच्या सगळी.

चाळीस माणसांसमोर मी तो शर्ट घालून तासभर उभा होतो. कुणालाही दिसलं नाही. मलाही नाही.

आठवड्यानं एक उसवलेली पिशवी घेऊन दुकानात गेलो. त्यांनी मशीन थांबवलं.

"शर्ट बसला ना सर बरोबर?"

"बसला," मी म्हणालो. "अगदी मापात."

त्यांनी मान हलवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

शर्ट कपाटात आहे. ती चिठ्ठी त्याच्या खिशात आहे, निळी रेघ अजून पुसलेली नाही. सदर चालू आहे, पडदेही टिकलेत. त्या दिवशी खुनी सुजाताताईंनी ओळखला होता. मी खालच्या ओळी वाचत होतो.